एकाच वहीत सगळ्यांनी का लिहायचे?

१ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर एक बंधन आले. हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद, तो कधी केला त्या तारखेसह, सॉफ्टवेअरनेच ठेवायची आणि ही नोंद ठेवण्याची सोय कोणालाही बंद करता येता कामा नये. कंपनी लेखे नियम, २०१४ मध्ये ही दुरुस्ती २०२१ सालीच झाली होती. मुदत पुढे ढकलत ढकलत ती अखेर लागू झाली. ही सोय वर्षभर चालू होती की नाही, हे आता लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावे लागते. त्यानंतरचे वार्षिक अहवाल चाळले तर अनेक कंपन्यांच्या बाबतीत जवळपास सारखेच वाक्य भेटते: अ‍ॅप्लिकेशनमधून झालेल्या बदलांची नोंद आहे, पण डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांची नोंद ठेवण्याची सोय चालू नव्हती. काही ठिकाणी कारणही दिलेले असते. ती चालू केली तर जागा फार लागते आणि डेटाबेसचा वेग पडतो.

ज्या वाटेने अ‍ॅप्लिकेशनचे सगळे नियम ओलांडून आकडा बदलता येतो, नेमक्या त्याच वाटेवर पहारा नाही, असे हे वाक्य सांगते. आणि वेगाचे कारण मान्य करून आपण पुढे जातो, कारण ते खोटे नाही. ऑडिट चालू केल्यावर रडतखडत चालणारे क्लस्टर मी पाहिले आहेत. सकाळच्या गर्दीत कोणीतरी ओरडतो, ‘अरे, ते ऑडिट बंद कर आधी’, ते बंद होते आणि गाडी पुन्हा पळू लागते. मग सगळ्यांची खात्री पटते की ऑडिट म्हणजेच जड काम. मला हा निष्कर्ष मान्य नाही. क्लस्टरमध्ये नोंद लिहिणे फारसे महाग नसते. सगळ्या नोड्सनी एकाच जागी, एकाच क्रमाने लिहिले पाहिजे हा आपला आग्रह महाग असतो. तो आग्रह बहुतेक वेळा कायद्याने केलेला नसतो, लेखापरीक्षकानेही केलेला नसतो. डिझाइन करताना कोणी विचार केला नाही म्हणून तो तसाच राहून गेलेला असतो.

हे नीट समजण्यासाठी क्लस्टरच्या पोटात थोडे शिरावे लागेल. ओरॅकलचे रॅक हे उदाहरण घेतो, कारण मोठ्या बँका आणि सरकारी कामांत ते आपल्याकडे खूप वापरले गेले आहे. यात दोन, चार किंवा अधिक सर्व्हर एकच डेटाबेस चालवतात. डिस्क सगळ्यांची एक, पण प्रत्येकाची मेमरी वेगळी. डेटा ब्लॉकमध्ये साठवलेला असतो आणि ब्लॉकचा नेहमीचा आकार ८ केबी. एखाद्या ब्लॉकमधली ओळ बदलायची असेल तर त्या ब्लॉकची चालू प्रत आपल्या मेमरीत असावी लागते आणि अशी चालू प्रत एका वेळी एकाच नोडकडे असते. दुसऱ्या नोडला तोच ब्लॉक बदलायचा असेल तर त्याने तो मागून घ्यायचा. २००१ साली आलेल्या नाइन-आय आवृत्तीच्या आधी, म्हणजे ओरॅकल पॅरलल सर्व्हरच्या काळात, असा ब्लॉक आधी डिस्कवर लिहावा लागे आणि दुसऱ्याने तो तिथून वाचावा लागे. कॅश फ्यूजन आल्यावर तो नोड्समधल्या खासगी नेटवर्कवरून थेट एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत जाऊ लागला. ही फार मोठी सुधारणा होती.

पण सुधारणा झाली म्हणजे प्रवास फुकट झाला, असे नाही. स्वतःच्या मेमरीतला ब्लॉक हाताळायला काही मायक्रोसेकंद पुरतात; दुसऱ्या नोडवरून आणायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात, गर्दीत मिलिसेकंदावरही जाते. त्यातही एक अट आहे. ज्या नोडने तो ब्लॉक नुकताच बदलला, त्याने त्या बदलाची रीडो नोंद डिस्कवर पोचवल्याशिवाय ब्लॉक हातातून सोडायचा नाही, कारण मध्येच तो नोड पडला तर बदल हरवेल. म्हणजे मेमरीतून मेमरीत होणाऱ्या या प्रवासाला डिस्कवर लिहिण्याची वाट पाहावी लागतेच. रॅकची एक गोष्ट चांगली आहे: नोड कितीही असोत, एका ब्लॉकच्या मागणीत तीनच पक्ष गुंततात. मागणारा, त्या ब्लॉकची नोंदवही सांभाळणारा आणि सध्या तो जवळ असणारा. त्यामुळे एक फेरी नोड वाढवल्याने लांबत नाही. लांबते ती रांग.

आता या यंत्रणेत ऑडिटचे टेबल ठेवा. बहुतेक ठिकाणी त्याची रचना ठरलेली असते: सीक्वेन्समधून मिळणारा अनुक्रमांक ही प्रायमरी की, वेळ, वापरणारा, टेबलाचे नाव, जुनी किंमत, नवी किंमत. अनुक्रमांकावर एक इंडेक्स आणि वेळेवर एक. दोन्ही गोष्टी सतत वाढत जाणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक नवी नोंद इंडेक्सच्या अगदी उजव्या टोकाच्या ब्लॉकमध्येच जाते. क्लस्टरमधल्या प्रत्येक नोडला, प्रत्येक सेशनला, प्रत्येक व्यवहारात तोच एक ब्लॉक हवा असतो. घोडे पेंड खाते ते इथे. एका फेरीला एक मिलिसेकंद धरला तर तो ब्लॉक सेकंदाला फार तर हजार वेळा हात बदलेल. चार नोड असोत की आठ, ही मर्यादा वाढत नाही. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए मंडळींच्या अहवालात तेव्हा ‘जीसी बफर बिझी’ आणि ‘इंडेक्स कंटेन्शन’ ही नावे वर चढलेली दिसतात. खातेदारांचे टेबल, ठेवींचे टेबल, ज्यांच्यासाठी हा सगळा संसार मांडला, ती यादीत कुठे खालीच असतात.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो: कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो, तोच शेवटी वेगाची कमाल ठरवतो. नील गंथर यांनी पुढे त्यात आणखी एक पद जोडले. एकमेकांच्या प्रती जुळत्या ठेवण्याचा खर्च, जो यंत्रांच्या जोड्यांप्रमाणे, म्हणजे जवळजवळ वर्गाच्या पटीत वाढतो. या दुसऱ्या पदामुळे एका टप्प्यानंतर यंत्रे वाढवली की काम वाढण्याऐवजी कमी होते. मध्यवर्ती ऑडिट टेबल हे दोन्ही पदांचे जिवंत उदाहरण आहे. म्हणूनच ऑडिट चालू असलेल्या दोन नोड्सच्या क्लस्टरपेक्षा एकच नोड कधी कधी अधिक काम उरकतो. हे पाहून लोक चक्रावतात आणि आणखी एक नोड विकत घेतात.

ट्रिगरचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, पण तो वेगळा. टेबलात ओळ बदलली की आपोआप चालणारा हा छोटा प्रोग्राम. अ‍ॅप्लिकेशनच्या कोडला हात न लावता ऑडिट बसवायचे तर ट्रिगरसारखी सोय नाही, आणि त्याचे एक मोल खरेच मोठे आहे: मूळ बदल आणि त्याची नोंद एकाच व्यवहारात होतात. दोन्ही राहतील किंवा दोन्ही जातील. बदल झाला आणि नोंद हरवली, असे होणार नाही. ट्रिगरला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी ही हमी दुसऱ्या मार्गाने किती कष्टाने मिळते ते आधी पाहावे.

पण ही हमी ओळीगणिक विकत घ्यावी लागते. समजा एका बँकेत महिनाअखेरीला १० लाख खात्यांवर व्याज जमा करायचे आहे. एकाच अपडेटने ते काम होते. त्या टेबलावर प्रत्येक ओळीमागे चालणारा ऑडिट ट्रिगर असेल तर तो १० लाख वेळा चालतो. प्रत्येक वेळी एसक्यूएलकडून प्रोसीजरकडे आणि परत अशी उडी. प्रत्येक वेळी ऑडिट टेबलात एक ओळ. त्या टेबलावर तीन इंडेक्स असतील तर एक ओळ आणि तीन नोंदी, म्हणजे मूळच्या १० लाख बदलांवर ४० लाख बदल चढतात. प्रत्येकाचा अनडू (बदल मागे घेण्यासाठीची नोंद) आणि रीडो वेगळा. हे एकाच सर्व्हरवर झाले असते तर काम लांबले असते, एवढेच. क्लस्टरमध्ये दुसऱ्या नोडवर काउंटरवरचे व्यवहार चालू असतात, त्यांनाही त्याच ऑडिट टेबलाच्या उजव्या टोकाला लिहायचे असते. रात्रीचे काम रेंगाळून सकाळी दहापर्यंत आले की खात्यातून ५०० रुपये काढायला आलेला माणूस कोणाच्या तरी व्याजाच्या ऑडिटसाठी खोळंबतो.

यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. ओरॅकलच्या इलेव्हन-जी आवृत्तीपासून कंपाउंड ट्रिगर आहेत: ओळी चालताना नोंदी मेमरीत गोळा करायच्या आणि शेवटी एकगठ्ठा लिहायच्या. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून विधानाच्या पातळीवरच्या ट्रिगरला बदललेल्या सगळ्या ओळी एका तात्पुरत्या टेबलासारख्या मिळतात. तरीही आजूबाजूला बघावे तर ओळीमागे एक इन्सर्ट करणारेच ट्रिगर अजून लिहिले जातात, कारण शिकवणीतले पहिले उदाहरण तेच असते.

याहून घातक आहे ते ‘ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन’चे वेड. मूळ व्यवहार मागे घेतला तर ट्रिगरने लिहिलेली नोंदही मागे जाते, मग फसलेला प्रयत्न दिसणार कसा, अशी शंका कोणीतरी काढतो. शंका रास्त असते. पण त्यावर उपाय म्हणून ट्रिगरमध्ये स्वतंत्र व्यवहार उघडून नोंद लगेच कमिट केली जाते. इथे आपण आगीतून फुफाट्यात पडतो. प्रत्येक ओळीमागे वेगळा व्यवहार आणि वेगळा कमिट, हा वेगाचा मुद्दा झाला. त्याहून मोठा मुद्दा खरेपणाचा आहे. दुसऱ्या कोणी मध्येच ओळ बदलली तर ओरॅकल चालू असलेले अपडेट गुपचूप मागे घेऊन पुन्हा सुरू करते आणि तसे करताना ट्रिगर दुसऱ्यांदा चालू शकतो. स्वतंत्र व्यवहारातल्या नोंदी तेव्हा मागे जात नाहीत. एक बदल आणि दोन नोंदी; किंवा बदल झालाच नाही, पण नोंद आहे. वर्षभराने चौकशी करणाऱ्याच्या हातात अशी नोंद पडली तर ती निष्पाप माणसाच्याही मुळावर येऊ शकते. मला याची काळजी वेगापेक्षा जास्त वाटते. संथ ऑडिट सहन करता येईल, खोटे ऑडिट नाही.

मुळात कोणत्या टेबलांना ट्रिगर हवा हा प्रश्नच आपण विचारत नाही. हिशेबाची जुनी शिस्त खाडाखोड करू देत नाही. चूक झाली तर उलटी नोंद घालायची. ज्या टेबलात फक्त भर पडते आणि दुरुस्तीही उलट्या नोंदीनेच होते, ते टेबल स्वतःच आपले ऑडिट आहे. त्यावर ट्रिगर बसवून प्रत्येक जमा-नावे पुन्हा एकदा दुसऱ्या टेबलात उतरवण्यात काही कमाई नाही. तिथे एवढेच पाहायचे की अपडेट आणि डिलीटचा अधिकार कोणालाही नाही, आणि कोणी तसा प्रयत्न केला तर कळेल. ट्रिगरची खरी गरज व्याजदर, पत मर्यादा, लाभार्थ्याचे बँक खाते, कर्मचाऱ्याचा अधिकार अशा मोजक्या, हळू बदलणाऱ्या पण मोठ्या परिणामाच्या टेबलांना असते. तिथे दिवसाला शे-दोनशे बदल होतात आणि ट्रिगरचा भार कोणाला जाणवतही नाही. आपण बरोबर उलटे करतो. व्यवहारांच्या टेबलावर ट्रिगर आणि व्याजदराचे टेबल मोकळे.

आता त्या अनुक्रमांकाकडे वळतो, कारण क्लस्टरचा गळा आवळणारी दोरी बहुतेक वेळा तीच असते. नोंदी क्रमाने हव्यात, मध्ये एकही आकडा गळता कामा नये, अशी मागणी हिशेबाच्या बाजूकडून येते आणि तंत्रज्ञ ती मान खाली घालून स्वीकारतात. मग सीक्वेन्सला कॅश (आगाऊ उचलून ठेवलेला आकड्यांचा साठा) बंद आणि क्रमाची अट चालू. एकट्या सर्व्हरवरही प्रत्येक आकड्यामागे डेटाबेसच्या अंतर्गत कोशात एक बदल लिहावा लागतो. क्लस्टरमध्ये त्या एका ओळीसाठी सगळे नोड एकमेकांचे तोंड पाहत बसतात. एवढे करूनही आकडे गळतातच, कारण व्यवहार मागे घेतला गेला तरी घेतलेला आकडा परत येत नाही. म्हणजे ज्या वस्तूसाठी एवढी किंमत मोजली, ती मिळतच नाही.

आणि ही मागणी कायद्याची आहे का? आपल्याकडे अनुक्रमांकाचा सर्वांत कडक नियम जीएसटीच्या बिलाला लागू आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधला ४६ वा नियम सांगतो की बिलाला १६ अक्षरांपर्यंतचा सलग क्रमांक हवा, तो त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. पण तोच नियम पुढे स्पष्ट म्हणतो की हा क्रमांक एका मालिकेत असू शकतो किंवा अनेक मालिकांत. कर वसूल करणाऱ्या खात्याला अनेक मालिका चालतात. शाखेची वेगळी, काउंटरची वेगळी. मग डेटाबेसच्या आतल्या ऑडिट टेबलाला, ज्याचा आकडा कोणी ग्राहक कधी पाहणारही नाही, एकच मालिका का हवी?

प्रत्येक नोडला स्वतःची मालिका दिली की चित्र पालटते. सीक्वेन्सला हजाराची कॅश आणि क्रमाची अट नाही, असे केले तर पहिला नोड १ ते १००० वापरतो, दुसरा १००१ ते २०००. दोघे इंडेक्सच्या वेगवेगळ्या भागांत लिहितात आणि ब्लॉकची ओढाताण कमी होते. ओरॅकलचा कॅशचा ठरीव आकडा २० आहे, तो घाईच्या टेबलाला कुठेच पुरत नाही. त्याही पुढे जाऊन अठराव्या आवृत्तीपासून आकड्याच्या पुढे नोडचा आणि सेशनचा क्रमांक जोडणारे सीक्वेन्स मिळतात. टेबलाचे नोडनुसार भाग पाडता येतात, म्हणजे पहिल्या नोडच्या नोंदी पहिल्या भागात, त्यांचा इंडेक्सही त्याच भागापुरता. आणि व्याजासारखे मोठे काम सर्व्हिस लावून एकाच नोडवर बांधून ठेवता येते. यातले काहीही गूढ नाही. फक्त ते डिझाइनच्या वेळी ठरवावे लागते. सकाळी दहाच्या गर्दीत नाही.

मग नोंदींचा क्रम कसा लागणार? वाचताना. क्रम लिहिताना लावायचा तर प्रत्येक व्यवहार त्याची किंमत मोजतो. वाचताना लावायचा तर वर्षातून काही वेळा येणारा चौकशी अधिकारी मोजतो. प्रत्येक नोंदीबरोबर वेळ आणि ओरॅकलमध्ये व्यवहाराचा एससीएन, म्हणजे डेटाबेसमधला सतत वाढणारा बदलाचा आकडा, ठेवता येतो, त्यावरून चार नोड्सच्या नोंदी एकत्र गुंफता येतात. नोड्सची घड्याळे जुळती ठेवावी लागतात, हे खरे. ती तशीही ठेवावीच लागतात.

मायएसक्यूएलच्या गॅलेरा क्लस्टरची घडण अगदी वेगळी आहे, तरी धडा हाच निघतो. तिथे डिस्क सामायिक नाही. प्रत्येक नोडकडे पूर्ण प्रत असते, आणि कमिटच्या वेळी बदललेल्या ओळींचा गठ्ठा सगळ्यांकडे जाऊन तपासला जातो. ट्रिगर मूळ नोडवरच चालतो, त्याने लिहिलेल्या ओळी त्याच गठ्ठ्यात जातात. नुसत्या भर पडणाऱ्या ऑडिटला तिथे फार त्रास नाही, कारण गॅलेरा आपणहून नोड्सना आकडे वाटून देतो: तीन नोड असतील तर एकाला १, ४, ७, दुसऱ्याला २, ५, ८, तिसऱ्याला ३, ६, ९. पण ट्रिगरमध्ये कोणी ‘आजच्या एकूण बदलांची संख्या’ अशी एक ओळ वाढवत ठेवली, तर दोन नोड्सवरचे एरवी एकमेकांशी संबंध नसलेले व्यवहार त्या ओळीवर आपटतात आणि दुसऱ्याला कमिट करताना डेडलॉकची चूक मिळते. खातेदार वेगळे, शाखा वेगळ्या, तरी भांडण. गूगलचा स्पॅनर किंवा कॉक्रोचडीबी यांसारख्या विखुरलेल्या डेटाबेसच्या मार्गदर्शिकाही वाढत्या वेळेने सुरू होणारी की ठेवू नका असे सांगतात, कारण सगळे लेखन एकाच यंत्राकडे लोटते.

डेटाबेसच्या स्वतःच्या ऑडिटची कथा शिकण्यासारखी आहे. ओरॅकलने इलेव्हन-जीपासून नव्या डेटाबेसमध्ये काही ऑडिट आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, त्यात प्रत्येक लॉगिनची नोंदही होती. हेतू चांगला. पण नोंदी जात त्या ‘ऑड डॉलर’ नावाच्या टेबलात, ते सिस्टिम टेबलस्पेसमध्ये, आणि तिथली रिकाम्या जागेची व्यवस्था जुन्या पद्धतीची, अनेक नोड्सनी एकाच वेळी लिहिण्यासाठी न घडवलेली. त्यात कनेक्शन पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या सामायिक जोडण्या, न वापरता प्रत्येक विनंतीला नवे लॉगिन करणारे अ‍ॅप्लिकेशन असेल तर प्रत्येक लॉगिनला एक इन्सर्ट, लॉगआउटला त्याच ओळीवर अपडेट. टेबल दुसऱ्या टेबलस्पेसमध्ये हलवण्याची अधिकृत सोय आहे, पण ती वापरण्याआधीच अनेकांनी ऑडिट बंद करून टाकले. त्यातच लॉगिनचा ट्रिगर लिहून ‘शेवटचे लॉगिन कधी’ हे एका टेबलात अपडेट करणारेही आहेत. सगळ्या अ‍ॅप्लिकेशनचे डेटाबेसमधले नाव एकच असल्यावर ती ओळही एकच, आणि क्लस्टरमधले प्रत्येक लॉगिन त्या ओळीच्या कुलपासाठी उभे. हे काम ट्रिगरने करण्याचे काही कारण नव्हते.

२०१३ च्या ट्वेल्व्ह-सी आवृत्तीत युनिफाइड ऑडिटिंग आले. पहिल्या रूपात नोंदी आधी मेमरीतल्या रांगेत जात आणि थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर उतरत. वेग सुधारला, पण नोड अचानक पडला तर रांगेतल्या नोंदी गेल्या. पुढच्या आवृत्तीत ती पद्धत मागे पडली आणि नोंद तत्काळ लिहिणे हाच मार्ग राहिला. या माघारीतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते: थांबणे किंवा गमावणे, यांतले एक निवडावेच लागते. जो विक्रेता सांगतो की आमच्या ऑडिटने वेग जराही पडत नाही आणि एकही नोंद हरवत नाही, त्याला विचारावे की नोंद डिस्कवर पोचण्याआधी व्यवहार पूर्ण झाला असे तुम्ही सांगता का? उत्तरातच सगळे येते. काही घटनांना गमावणे चालेल. अहवाल कोणी किती वेळा उघडला यातली दोन सेकंदांची नोंद गेली तर आभाळ कोसळत नाही. डीबीएने थेट केलेल्या बदलाला चालणार नाही. तिथे थांबावे, कितीही थांबावे लागले तरी. डीबीएचे थेट बदल दिवसाला असे असतात किती?

व्यवहारांच्या मोठ्या टेबलांसाठी मला सर्वांत पटणारा मार्ग डेटाबेसच्या घरातच आहे. पेढीवर दिवसाचे सगळे व्यवहार आधी रोजकीर्दीत घडले त्या क्रमाने उतरतात आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातात. डेटाबेसही हेच करतो. टेबले ही त्याची खतावणी आणि रीडो लॉग ही रोजकीर्द. प्रत्येक बदल तिथे आधीच लिहिला जातो, आणि रॅकमध्ये तर प्रत्येक नोडची रोजकीर्द मुळातच वेगळी असते, त्यासाठी कोणी कोणाशी भांडत नाही. मग ट्रिगर बसवून तेच पुन्हा तिसऱ्या वहीत उतरवण्याऐवजी रोजकीर्दच वाचावी. ओरॅकलमध्ये लॉगमायनर त्यासाठीच आहे, पोस्टग्रेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून लॉजिकल डिकोडिंग आहे, मायएसक्यूएलमध्ये ओळीनिहाय बिनलॉग. आणि डेबेझियमसारखी मुक्त साधने हे बदल उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात. व्यवहार करणाऱ्या सेशनला नोंदीसाठी थांबावे लागत नाही. थोडा जास्तीचा लॉग लिहावा लागतो आणि वाचणाऱ्या साधनाचा भार असतो, पण उजव्या टोकाच्या ब्लॉकची मारामारी उरत नाही. नोंदी वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाच्या ताब्यात जातात, हा फायदा वेगाइतकाच मोठा आहे. ज्याच्या हातात डेटाबेस त्याच्याच हातात ऑडिटचे टेबल, ही रचना पहाऱ्याच्या दृष्टीने कच्चीच.

या मार्गाच्या उणिवाही सांगायला हव्यात. लॉगमध्ये बदल असतो, वाचन नसते. कोणी कोणाचा वैद्यकीय अहवाल नुसता पाहिला हे तिथे कळणार नाही, त्यासाठी डेटाबेसचे ऑडिटच हवे, तेही मोजक्या स्तंभांपुरते. आणि लॉग ‘कोणी’ हे नीट सांगत नाही. कनेक्शन पूलमधून येणारे सगळे सेशन डेटाबेसला एकाच नावाने दिसतात. खरा माणूस कोण, हे अ‍ॅप्लिकेशननेच प्रत्येक विनंतीबरोबर डेटाबेसला सांगितले पाहिजे किंवा ओळीतच लिहिले पाहिजे. ही अडचण ट्रिगरलाही तितकीच आहे. मोठमोठी ऑडिट टेबले उघडून पाहावीत तर लाखो ओळींत ‘वापरणारा’ या रकान्यात अ‍ॅप्लिकेशनचे एकच नाव. एवढा वेग गमावून मिळवले काय, तर काहीतरी कोणीतरी बदलले.

नोंदी चार ठिकाणी विखुरल्या तर पुरावा दुबळा होतो, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. मला वाटते पुरावा विखुरल्याने दुबळा होत नाही, न जुळवल्याने होतो. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा बाहेर आला. हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून परदेशातल्या शाखांकडे जात होते आणि बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत त्यांचा पत्ता नव्हता, कारण दोन्ही प्रणाली जोडलेल्या नव्हत्या. संदेश गेल्याची नोंद स्विफ्टमध्ये होतीच. ती कोणी दुसऱ्या बाजूशी ताडून पाहत नव्हते. चार नोड्सच्या चार मालिका रोज रात्री एकत्र करून, प्रत्येकीतला पहिला-शेवटचा आकडा आणि एकूण संख्या मूळ टेबलातल्या बदलांशी ताडली, तर एकाच मध्यवर्ती टेबलात वर्षानुवर्षे न वाचता पडून राहिलेल्या नोंदींपेक्षा तो पुरावा कितीतरी भक्कम ठरेल.

म्हणून कंपन्यांच्या संचालकांना आणि सरकारी निविदा लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे: भाराची चाचणी ऑडिट चालू ठेवून करा. आज ती बहुधा ऑडिट बंद ठेवून होते, आकडे छान येतात, त्या आकड्यांवर यंत्रे विकत घेतली जातात, आणि प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर ऑडिटला जागाच उरलेली नसते. चाचणी एका नोडवर नको, निदान दोन नोड्सवर हवी, महिनाअखेरीचे मोठे काम आणि काउंटरचे छोटे व्यवहार एकाच वेळी चालवून हवी. ऑडिटला लागणारी ताकद हा यंत्रांच्या खरेदीतला पहिल्या दिवसापासूनचा खर्च आहे. तसेच कशाची नोंद ठेवायची ही यादी डीबीएवर सोडू नका. त्याच्यावर वेगाची जबाबदारी असते. त्यालाच पहाऱ्याचाही निर्णय घ्यायला लावणे अन्यायाचे आहे.

शेवटी साफसफाई. सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे प्रणालींचे लॉग मागच्या १८० दिवसांचे देशातच जपून ठेवावे लागतात. हिशेबाच्या नोंदींना त्याहून कितीतरी लांब मुदत आहे. जुन्या नोंदी काढायची वेळ येते तेव्हा भल्यामोठ्या टेबलावर एक डिलीट सोडले जाते आणि क्लस्टर पुन्हा गुदमरतो, कारण पुसणे हेही लिहिणेच, त्याचाही अनडू, त्याचाही रीडो. टेबलाचे महिन्यानुसार भाग आधीच पाडलेले असतील तर जुना भाग आधी दुसरीकडे सुरक्षित उतरवून घ्यायचा आणि मग तो पूर्ण भागच काढून टाकायचा, काही क्षणांचे काम. फक्त तो भाग काढण्याचा अधिकार डेटाबेस चालवणाऱ्याकडे नको, लेखापरीक्षण विभागाकडे हवा. आणि भाग कधी, कोणी काढला याची नोंद लॉगसारखीच त्या क्लस्टरच्या बाहेर, दुसऱ्या यंत्रावर जायला हवी.